शोधणाराचा अपराध

एखादा मनुष्य रात्रीं आपल्या खोलींत एकटा बसून शोधयंत्राच्या चौकटींत तीन-चार शब्द लिहितो आणि कळ दाबतो. त्यानें कोणास मारलेलें नसतें, कोणाचें कांहीं चोरलेलें नसतें, कांहीं छापलेलें वा विकलेलें नसतें. त्यानें केवळ शोधलेलें असतें. एवढ्याच कृत्याबद्दल कायद्यानें त्याचा हात धरावा काय? हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीस पडण्याचें कारण नव्हतें. आज तो केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत असें एक कलम आहे कीं, त्यांत ‘शोधणें’ हें क्रियापदच गुन्ह्याच्या व्याख्येंत बसविलेलें आहे. हें क्रियापद तेथें कसें आलें, तें येण्यापूर्वीं कायदा कोणाला शिक्षा करीत असे, आणि इतर देशांनीं तेंच हत्यार दुसऱ्या कामीं उचललें तेव्हां काय झालें, हा इतिहास आज थोडक्यांत आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

जुन्या कायद्याची दृष्टि अगदीं निराळी होती. इंग्लंडमध्यें १७२७ सालीं एडमंड कर्ल नांवाच्या लंडनच्या प्रकाशकाला अश्लील पुस्तक छापल्याबद्दल न्यायालयानें दोषी ठरविलें, आणि तेथून या गुन्ह्याचा तिकडील कायद्यांत पाया पडला. १८५७ सालीं लॉर्ड कँबेल यांच्या पुरस्कारानें झालेल्या कायद्यानें विक्रीसाठीं ठेवलेलीं असलीं पुस्तकें जप्त करून नष्ट करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस मिळाला. पुढें १८६८ सालीं हिक्लिन खटल्यांत मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनीं अश्लीलतेची कसोटी घालून दिली. ज्यांचीं मनें अशा प्रभावास सहज वश होतात, त्यांच्या हातीं हें पुस्तक पडलें तर तें त्यांना बिघडवील काय, अशी ती कसोटी होती. या कसोटींत वाचक अगदीं मध्यभागीं उभा आहे. परंतु तो आरोपी म्हणून नव्हे, तर ज्याचें रक्षण करावयाचें तो दुबळा जीव म्हणून. विक्रेता हा विष विकणारा, आणि वाचक हा तें नकळत पिणारा, अशी ती समजूत होती. विष पिणारावर खटला भरावा, असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

हीच समजूत १८६० च्या भारतीय दंडसंहितेंतून आपल्याकडे आली. तिचें २९२ वें कलम विकणारा, वांटणारा, भाड्यानें देणारा आणि विक्रीसाठीं जवळ बाळगणारा यांना पकडी. ‘विक्रीसाठीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कपाटांत एक प्रत ठेवून ती स्वतः वाचणारा मनुष्य या कलमाच्या बाहेर राही. ती संहिता १ जुलै २०२४ रोजीं जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली; तिच्या २९४ व्या कलमांत इलेक्ट्रॉनिक स्वरूपांतील मजकुराचा स्पष्ट उल्लेख झाला, परंतु प्रौढांविषयींच्या अश्लील मजकुरापुरती ही जुनी मर्यादा तिनेंहि पाळली आहे.

महाराष्ट्राला या इतिहासाची ओळख पुस्तकांतून करून घेण्याची आवश्यकता नाहीं. राजद्रोहाचें १२४-अ हें कलम १८७० सालीं संहितेंत घालण्यांत आलें आणि त्याखालीं लोकमान्य टिळकांना १८९७ सालीं व पुन्हां १९०८ सालीं शिक्षा झाली. ‘केसरी’ वाचणाऱ्या हजारो लोकांपैकीं कोणावरहि तो वाचल्याबद्दल या कलमाखालीं खटला होऊं शकत नव्हता. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यानें कोणतेंहि पुस्तक वा पत्र सरकारजमा झाल्याचें जाहीर करण्याचा आणि त्यासाठीं झडती घेण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कायदा १९२२ सालीं रद्द झाला. पण जाण्यापूर्वीं हा अधिकार त्यानें फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९९-अ कलमाच्या हवालीं केला. परदेशांतून येणाऱ्या पुस्तकांसाठीं १८७८ चा सागरी जकातीचा कायदा होताच. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तर तो १९०९ सालीं बाहेर पडण्यापूर्वींच बंदी घालण्यांत आली होती, आणि तरीहि त्याच्या प्रती खोट्या वेष्टनांतून हिंदुस्थानांत येत राहिल्या.

त्या काळच्या वाचकाला भय नव्हतें, असें म्हणण्याचा हेतु नाहीं. झडती होई, शाळेंतून काढून टाकीत, सरकारी नोकरी जाई. आणि एखाद्या कटाचा खटला उभा राहिला, म्हणजे घरांत सांपडलेलें पुस्तक पुरावा म्हणून न्यायाधीशापुढें ठेवलें जाई. परंतु पुरावा ही एक गोष्ट आणि गुन्हा ही दुसरी. पुस्तक मनुष्याच्या हेतूची खूण म्हणून दाखविलें जाई. तें शोधणें हाच अपराध, अशी व्याख्या त्या परक्या सरकारनेंहि केली नव्हती.

नीतीच्या नांवाखालीं झालेल्या खटल्यांतहि हेंच आढळतें. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेबद्दल खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें वकील म्हणून उभे राहिले, तरीहि कर्वे यांस दंड झाला. स्वातंत्र्यानंतर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या इंग्रजी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर खटला भरण्यांत आला आणि १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची शिक्षा कायम केली. येथील एक तपशील लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९५९ सालच्या डिसेंबरांत ती प्रत ज्या गिऱ्हाइकानें विकत घेतली, तो पोलिसांनींच पाठविलेला बनावट गिऱ्हाईक होता. खऱ्या गिऱ्हाइकाशीं कायद्याला कांहीं कर्तव्यच नव्हतें. पुढें ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांतील ‘श्यामा’ या मराठी कथेबद्दल तिच्या लेखकावर खटला झाला, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास निर्दोष ठरविलें. या सगळ्या प्रकरणांत लेखक, संपादक, मुद्रक, विक्रेता यांपैकीं कोणी ना कोणी पिंजऱ्यांत उभा आहे. वाचक मात्र कोठेंहि नाहीं.

वाचकाच्या या मोकळीकीला सर्वांत ठाम शब्दरूप अमेरिकेंत मिळालें. जॉर्जिया राज्यांत पोलीस एका घरीं बेकायदा जुगाराचा पुरावा शोधावयास गेले. तो पुरावा सोडून त्यांना मेजाच्या खणांत चित्रपटाचीं तीन रिळें सांपडलीं, आणि घरमालकावर अश्लील वस्तु बाळगल्याचा खटला झाला. १९६९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. मनुष्यानें स्वतःच्या घरांत एकटें बसून काय वाचावें वा काय पाहावें, हें ठरविण्याचा अधिकार राज्यास नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता.

येथपर्यंतचा मार्ग सरळ आहे. यापुढें तो वळतो, आणि त्या वळणावर एक मूल उभें आहे.

कादंबरींतील पात्रें कल्पित असतात. प्रौढ नटांनीं केलेल्या चित्रपटांत, तो कितीहि हीन असला तरी, संमति असण्याचा संभव असतो. परंतु लहान मुलाच्या लैंगिक छळाचें छायाचित्र हें कल्पित नव्हे आणि त्यांत संमतीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. तें एका घडलेल्या गुन्ह्याचें दृश्य आहे. तें प्रत्येक वेळीं पाहिलें जातें तेव्हां त्या मुलाची अप्रतिष्ठा नव्यानें घडते; आणि तें मागणारे लोक आहेत म्हणूनच दुसरें मूल त्या यंत्रणेंत ओढलें जातें. इंग्लंडनें १९७८ सालीं असलीं चित्रें काढणें व वांटणें हा गुन्हा ठरविला आणि १९८८ सालीं तीं केवळ जवळ बाळगणें हाहि गुन्हा ठरविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं या चित्रांना भाषणस्वातंत्र्याचें संरक्षण नाकारलें. १९९० सालीं ओहायो राज्यांतील एका खटल्यांत तेंच न्यायालय पुढें गेलें आणि घरांतील खासगी संग्रहाबद्दलहि शिक्षा करतां येईल, असें त्यानें ठरविलें. एकवीस वर्षांपूर्वीं सांगितलेलें तत्त्व त्यानें सोडून दिलें नाहीं. परंतु येथें राज्य वाचकाच्या मनाचें नव्हे, तर मुलाच्या देहाचें रक्षण करीत आहे, हा भेद त्यानें दाखविला.

मग इंटरनेट आलें आणि ‘जवळ बाळगणें’ या शब्दाचा अर्थच डळमळूं लागला. पूर्वीं वाचकाला दुकानीं जावें लागे, पैसे मोजावे लागत, वस्तु घरीं आणावी लागे. आतां चित्र दूरदेशींच्या यंत्रावर राहतें, पडद्यावर उमटतें आणि नाहींसें होतें. आरोपी म्हणे, मीं पाहिलें खरें, पण माझ्याजवळ कांहींच नव्हतें. यावर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळीं उत्तरें शोधलीं. संगणकावर चित्र उतरवून घेणें म्हणजे नवी प्रत तयार करणेंच होय, असें इंग्लंडच्या अपील न्यायालयानें ठरविलें. अमेरिकेच्या काँग्रेसनें २००८ सालीं कायदा दुरुस्त करून, पाहण्याच्या हेतूनें जाणूनबुजून अशा चित्रापर्यंत पोंचणें हाहि स्वतंत्र गुन्हा केला.

आपल्या देशांत २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आरंभीं जुन्याच वळणाचा होता. त्याचें ६७ वें कलम अश्लील मजकूर प्रसिद्ध करणारा व पाठविणारा यांनाच शिक्षा सांगतें. २००८ च्या दुरुस्तीनें त्यांत ६७-ब हें कलम घालण्यांत आलें आणि तें २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलांत आलें. बालकांचें अश्लील चित्रण करणाऱ्या मजकुराविषयीं या कलमांत क्रियापदांची एक मालिकाच आहे: निर्माण करणें, गोळा करणें, शोधणें, चाळणें, उतरवून घेणें, जाहिरात करणें, देवघेव करणें, वांटणें. पहिल्या अपराधास पांच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड, पुढील अपराधास सात वर्षांपर्यंत कैद, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. शास्त्र, वाङ्मय, कला, विद्या यांसाठीं लोकहितार्थ असलेल्या पुस्तकांना व चित्रांना, तसेंच प्रामाणिक धार्मिक वा परंपरागत उपयोगाच्या वस्तूंना या कलमांतून वगळलें आहे. २०१२ सालचा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा, जो ‘पॉक्सो’ या नांवानें परिचित आहे, त्यानें असलें साहित्य सांठविण्यावर बंधन घातलें, आणि २०१९ सालीं तें बंधन आणखी कडक झालें.

तरीहि जुनी समजूत एकाएकीं गेली नाहीं. चेन्नईच्या एका प्रकरणांत आरोपीनें अशीं चित्रें कोणास पाठविलीं नाहींत, केवळ खासगी रीतीनें पाहिलीं, या कारणावरून मद्रास उच्च न्यायालयानें जानेवारी २०२४ मध्यें खटला रद्द केला. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. वस्तु प्रत्यक्ष हातांत नसली, तरी ती काय आहे हें ठाऊक असून तिच्यावर ताबा चालवितां येत असेल, तर तेंहि बाळगणेंच होय, असें न्यायालयानें सांगितलें. असलें साहित्य पुसून न टाकतां वा त्याची वर्दी न देतां पुढें पाठविण्याच्या हेतूनें जवळ ठेवणें हा ‘पॉक्सो’च्या १५ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यांत दोषी मनाचें अनुमान आरोपीविरुद्ध केलें जातें, तें खोडून काढण्याचा भार त्याच्यावर पडतो. अशा चित्रांना ‘पोर्नोग्राफी’ म्हणूं नये, कारण त्या शब्दानें गुन्ह्याला करमणुकीचें रूप येतें. तें बालकांच्या लैंगिक शोषणाचें व छळाचें साहित्य आहे असेंच म्हणावें, असेंहि न्यायालयानें बजावलें. मला ही सूचना शिक्षेच्या आंकड्यांपेक्षां अधिक मोलाची वाटते. कारण शब्द बदलला म्हणजे चित्राकडे पाहणाराची जागा बदलते. तो प्रेक्षक राहत नाहीं, गुन्ह्याचा भागीदार होतो.

कोणी म्हणेल, घरांत एकट्यानें केलेला शोध सरकारला कळणार कसा? शोध एकट्यानें केला जात असला, तरी तो एकांतांत होत नाहीं. मोठ्या कंपन्यांचीं यंत्रें ज्ञात चित्रांच्या खुणा ओळखतात. त्या कंपन्या अमेरिकेंतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीं असलेल्या राष्ट्रीय केंद्राकडे वर्दी देतात. आणि २०१९ सालीं झालेल्या करारानुसार भारताशीं संबंधित वर्द्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येऊन तेथून राज्यांच्या पोलिसांकडे जातात.

आतां या प्रश्नाची दुसरी बाजू पाहूं. एका कामासाठीं घडविलेलें हत्यार दुसऱ्या कामीं नेण्याचा मोह राज्यकर्त्यांस नेहमींच होतो. दहशतवादी हल्ल्यांनीं हादरलेल्या फ्रान्सनें जून २०१६ मध्यें कायदा करून दहशतवादाचें समर्थन करणारीं संकेतस्थळें वारंवार पाहणें हाच गुन्हा ठरविला आणि त्यास दोन वर्षांची कैद व तीस हजार युरो दंड सांगितला. १० फेब्रुवारी २०१७ रोजीं तेथील घटना परिषदेनें तें कलम रद्द केलें. संसदेनें तें थोडें बदलून त्याच महिन्यांत पुन्हां आणलें, आणि १५ डिसेंबर २०१७ रोजीं परिषदेनें तें पुन्हां रद्द केलें. पाहणाराच्या मनांत हिंसा करण्याचा हेतु आहे हें सिद्ध न करतां केवळ वाचनाबद्दल त्यास तुरुंगांत घालणें हें स्वातंत्र्यावर प्रमाणाबाहेरचें आक्रमण आहे, असें त्या परिषदेचें म्हणणें होतें. ब्रिटननें २०१९ सालीं दहशतवाद्यांस उपयोगी पडेल अशी माहिती इंटरनेटवर पाहणें गुन्ह्याच्या कक्षेंत आणलें. मूळ विधेयकांत तीन वेळां पाहिल्यास गुन्हा, अशी मोजणी होती. ती पुढें गळाली, आणि पत्रकार व संशोधक यांच्यासाठीं सबळ कारणाची वाट स्पष्टपणें मोकळी ठेवण्यांत आली. रशियानें तर याच्याहि पलीकडे पाऊल टाकलें. १ सप्टेंबर २०२५ पासून तेथें ‘अतिरेकी’ म्हणून सरकारनें यादींत घातलेलें साहित्य जाणूनबुजून शोधणें दंडनीय झालें आहे. दंड तीन ते पांच हजार रूबल, म्हणजे फार मोठा नव्हे. पण त्या यादींत पांच हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि ती सरकारच वाढवितें. तेथें शोधण्याच्या क्रियेमागें कोणतेंहि पीडित मूल नाहीं. तेथें आहे ती केवळ सरकारची नावड.

मुंबईनेंहि या मोहाचें एक लहानसें रूप पाहिलें आहे. २०१६ सालीं एका हिंदी चित्रपटाच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानें कांहीं संकेतस्थळें बंद करण्याचा हुकूम दिला. तीं उघडूं पाहणाऱ्या लोकांच्या पडद्यावर एक सूचना झळकूं लागली: येथील मजकूर पाहणें वा उतरवून घेणें हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व तीन लाखांपर्यंत दंड होईल. घरोघर घबराट उडाली. तेव्हां न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं स्पष्ट केलें कीं, चोरटी प्रत नुसती पाहणें हा स्वामित्वहक्काच्या कायद्याखालीं गुन्हा नाहीं. अपराध आहे तो ती परवानगीवांचून वांटण्यांत, जाहीर दाखविण्यांत, विक्रीस वा भाड्यानें देण्यांत. कायद्यांत नसलेला गुन्हा एका सूचनेच्या ओळीनें निर्माण होऊं शकतो आणि सामान्य मनुष्य त्यावर विश्वासहि ठेवतो, हें त्या प्रसंगानें दिसून आलें.

श्रोतेहो, या सर्व इतिहासांतून ‘शोधणें हा गुन्हा कीं नाहीं’ याचें एका शब्दाचें उत्तर निघत नाहीं. परंतु कायद्यास विचारावयाचे तीन प्रश्न मात्र निघतात. शोधलेली वस्तु अस्तित्वांत येतांना कोणा जिवंत माणसाची हानि झाली आहे काय? आपण काय शोधतों आहों हें शोधणाराला ठाऊक होतें काय? आणि वैद्य, संशोधक, पत्रकार, शिक्षक यांच्यासाठीं दार उघडें ठेवलें आहे काय? आपल्या ६७-ब कलमांतील ‘शोधणें’ पहिल्या प्रश्नास ठामपणें उत्तर देतें, आणि त्याचें समर्थन त्याच उत्तरावर उभें आहे. फ्रान्समधील रद्द झालेलें कलम दुसऱ्या प्रश्नाशीं अडखळलें नाहीं. वाचणाराला आपण काय वाचतों हें ठाऊक होतेंच. तें पहिल्याच प्रश्नाशीं अडखळलें. रशियाच्या यादीला तर तो प्रश्न विचारलाच गेलेला नाहीं.

घराघरांतील व्यवहारासाठीं एवढें लक्षांत असावें. बंदी घातलेल्या पुस्तकाविषयीं, एखाद्या रोगाविषयीं, एखाद्या गुन्ह्याच्या इतिहासाविषयीं माहिती शोधणें हा आपल्या कायद्यानें स्वतः होऊन गुन्हा ठरत नाहीं, आणि तसा तो ठरूं नये यासाठीं नागरिकांनीं जागरूक राहावें. परंतु बालकांच्या छळाचें चित्र समूहसंदेशांतून अकस्मात् समोर आलें, तर ‘पाहा, जग किती बिघडलें आहे’ असें म्हणूनहि तें पुढें पाठवूं नये. तें पाठविणेंहि वांटणेंच होय. त्याची वर्दी पोलिसांस अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या पोर्टलवर द्यावी आणि तें जवळ ठेवूं नये. कुतूहलानें तें शोधूं पाहणाऱ्या तरुण मुलास शिक्षेचें भय अवश्य सांगावें. पण त्याआधीं हें सांगावें कीं, त्या चित्रांतील मूल कोणाचें तरी आहे, तें आज कोठें तरी मोठें होत आहे, आणि आपल्याला कोण कोण पाहत आहे हें त्याला कधींच कळणार नाहीं.